इंडी अल्बम आणि लाइव्ह शो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा इंडी अल्बम आला की तो आधी ऐकायचा आणि मग त्याचा शो गाठायचा, हा माझा जुना नाद आहे. तो ठाऊक असल्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी लोक मला तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्या उत्तराला लागू होत असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंडी म्हणजे नेमके कोणत्या प्रकारचे संगीत? रॉक की आणखी काही?

एखादी विशिष्ट शैली म्हणून इंडी शोधायला गेलात तर हाती फारसे काही लागणार नाही, कारण दिल्लीच्या ब्लडीवुडचे ढोलाच्या साथीने वाजणारे मेटल, पुण्याच्या ईझी वाँडरलिंग्जची हळुवार गाणी आणि मुंबईच्या स्वदेसी या गटाचा रॅप हे सारे याच नावाखाली येते. ही मंडळी आपली गाणी स्वतः रचतात, रेकॉर्डिंगचा खर्च बहुतेक वेळा स्वतः करतात, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी शक्यतो स्वतःकडे ठेवतात आणि चित्रपटातल्या प्रसंगाची वाट पाहत बसत नाहीत. आपल्याकडे लोकप्रिय संगीताचा बहुतेक व्यवहार चित्रपटाभोवती फिरत आल्यामुळे ‘चित्रपटाबाहेरचे’ एवढ्या ढोबळ अर्थानेही हा शब्द वापरला जातो. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या कलाकारांचे काय, याचे उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

२. सिंगल, ईपी आणि अल्बम यांत फरक काय?

एकच गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले तर ते सिंगल, साधारण चार ते सहा गाण्यांचा छोटा संच म्हणजे ईपी आणि त्याहून मोठा, सहसा अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबीचा संच म्हणजे अल्बम. हल्ली बहुतेक बँड अल्बमच्या आधी दोन-तीन सिंगल सोडतात. त्यामुळे अल्बम येतो तेव्हा त्यातली काही गाणी तुमच्या कानावरून आधीच गेलेली असतात.

३. मी आजवर फक्त चित्रपटगीतेच ऐकली आहेत. सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

माझे उत्तर ठरलेले आहे: इंडियन ओशनचा २००० सालचा ‘कंदीसा’. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या बँडच्या या अल्बममध्ये शीर्षकगीत केरळमधील सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थनेवर उभे आहे, तर ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गाणे आहे. बँडचे बेस गिटारवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात कार्यकर्ते होते, हे लक्षात घेतले की या गाण्यात नदीचे नाव घेताना आवाजाला इतकी ओढ का लागते, ते समजते. तबला, गिटार आणि बेस यांची वीण इतकी मोकळी आहे की ज्या कानांना रॉकची सवय नाही त्यांनाही ती परकी वाटत नाही.

नव्यांपैकी ऐकायचे असेल तर पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा दिल्लीचाच बँड घ्या. त्यांचा ‘बिस्मिल्लाह’ २०१९ मध्ये आला आणि ‘बीटा’ ऑगस्ट २०२४ मध्ये. गाणी इंग्रजीत आहेत, पण जुन्या काळच्या हॉटेलांतले नाचाचे संगीत, जॅझचे पितळी सूर आणि मुद्दाम थोडा थकलेला ठेवलेला गायकाचा आवाज यांतून जो रंग तयार होतो तो इथलाच वाटतो. ‘बिस्मिल्लाह’मधील ‘फ्लोटेड बाय’ या गाण्याचा व्हिडिओ तर गायक सूर्यकांत साहनी यांच्या स्वतःच्या लग्नातला आहे. ‘बीटा’ पहिल्या ऐकण्यात विखुरलेला वाटण्याची शक्यता आहे. त्याला किमान तीनदा संधी द्या आणि गाण्यांचा क्रम बदलू नका. हिंदी गाणी हवी असतील तर द लोकल ट्रेनचे ‘आलस का पेड’ (२०१५) आणि ‘वाकिफ’ (२०१८) हे दोन अल्बम सरळ, सुरेल आणि लगेच ओठांवर बसणारे आहेत.

४. मराठीत असे काही होते का, की सगळे इंग्रजी-हिंदीतच?

होते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या अनेकांनी ते न कळत ऐकलेलेही असते. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ पासून चित्रपटाच्या कुबडीशिवाय सभागृहे भरवत आला आहे. त्याला कोणी इंडी म्हणत नाही, पण स्वतःची गाणी, स्वतःचा कार्यक्रम आणि अल्बमचे श्रोते शोला, शोचे श्रोते अल्बमला, हा व्यवहार तोच आहे.

आजच्या पिढीत अभंग रीपोस्ट हा बँड संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि बेससह गातो. या प्रयोगाबद्दल नाके मुरडणारे मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो की अभंगाची चाल आणि शब्दांचा ठेहराव जेथे सांभाळला आहे तेथे गिटारचा आवाज आड येत नाही, आणि जेथे तो आड येतो तेथे दोष वाद्याचा नसून मांडणीचा असतो. स्वदेसीने २०१९ मध्ये केलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि या गटातील एमसी मवाली यांचा मराठी रॅप मुंबईच्या बोलीतला आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘१००आरबीएच’, वऱ्हाडी लहेजा न लपवता रॅप करतो. डीजे क्रेटेक्स आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांच्या ‘तांबडी चामडी’ने २०२४ मध्ये मराठी शब्द थेट डान्स फ्लोअरवर नेले. मला एकच उणीव जाणवते: यांतले बरेचसे काम सुट्या गाण्यांच्या रूपात येते आणि सलग ऐकावा असा मराठी अल्बम अजूनही दुर्मीळच आहे.

५. घरी रेकॉर्ड केलेला अल्बम कच्चाच असणार ना?

असे अजिबात नाही, आणि हे काही लॅपटॉप आल्यावर सुरू झालेलेही नाही. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये गोव्यातील शिवोली येथे आपल्या घरी ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या, छोट्या यंत्रावर रेकॉर्ड केला, त्यातली वाद्ये स्वतः वाजवली आणि कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोहोचवल्या. चार ट्रॅकच्या मर्यादेत गिटार, तालवाद्ये आणि आवाज बसवायचे म्हणजे दोन-तीन आवाज आधी एका ट्रॅकवर कायमचे एकत्र करायचे आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे भरायचे. एकदा एकत्र झालेले पुन्हा सुटे करता येत नसे. आज घरातल्या संगणकावर हवे तितके ट्रॅक मिळतात. घरच्या रेकॉर्डिंगचा कच्चेपणा प्रामुख्याने दोन ठिकाणी उघडा पडतो: खोलीचा घुमारा आवाजात शिरला असेल तेथे आणि मिक्सिंग-मास्टरिंग, म्हणजे सारे आवाज जुळवून गाण्याला अंतिम रूप देण्याचे काम, अनुभवी माणसाकडून करून घेतले नसेल तेथे. म्हणूनच अनेक बँड रेकॉर्डिंग घरी करतात आणि हाताशी असलेले पैसे या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवतात.

६. मुंबई-पुण्यात असे शो कुठे होतात?

जागा सतत बदलतात, त्यामुळे पत्त्यांपेक्षा या जागांचा स्वभाव समजून घेतलेला बरा. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबी तलावाजवळच्या रंगभवनात होत असे. जवळच रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि तो खुला रंगमंच मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झाला. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग उघडला आणि २०१६ मध्ये बंद पडला. ध्वनियंत्रणा खास गाण्यासाठी बसवलेली आणि जेवणाची टेबले तिच्याभोवती मांडलेली, असा क्लब तोवर शहराने फारसा पाहिला नव्हता. पुण्याला २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर सुरू झाला आणि एका संध्याकाळी चार-पाच मंचांवर देशभरचे बँड ऐकण्याची सवय अनेकांना तेथेच लागली. सध्या छोटे शो बहुतेक पब, कॅफे आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सांस्कृतिक केंद्रांत होतात, आणि मोठे मैदानांवर किंवा महालक्ष्मी रेसकोर्सवर. आपल्या आवडत्या बँडच्या खात्यावर नजर ठेवणे हा माहितीचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

७. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. त्याला शोला प्रवेश मिळेल का?

शो पबमध्ये असेल तर बहुधा नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे, आणि तेथे मद्यविक्री होत असल्यामुळे बहुतेक पब दारावरच २१ वर्षांखालील व्यक्तींना परत पाठवतात, मग मुलगा फक्त लिंबूपाणी पिणार असला तरी. सभागृहांतील शो आणि काही मैदानी महोत्सव यांना ही अडचण नसते. तेथे पालकांसोबत लहान मुलांनाही येऊ देतात. तिकिटाच्या पानावर वयाची अट लिहिलेली असते आणि दारावर सरकारी ओळखपत्र मागतात. ज्या वयात बँड करावासा वाटतो नेमक्या त्याच वयाला बँड पाहायला बंदी असावी, याचा मला दर वेळी राग येतो. त्या वयाच्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोसारखे महाविद्यालयीन महोत्सव हा मोठा आधार आहे.

८. तिकीट ₹४९९ चे का असते? आणि ₹८०० च्या तिकिटाचे पैसे शेवटी जास्त का लागतात?

संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ₹५०० पर्यंतच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी लागत नाही आणि त्यापुढे १८ टक्के लागतो. म्हणून छोटे आयोजक ही रेषा ओलांडायला कचरतात. शिवाय बुकिंग अ‍ॅपचे शुल्क वेगळे असते. ₹८०० वर कर म्हणून ₹१४४ चढतात आणि मग अ‍ॅपचे शुल्क. ‘एवढ्या पैशांत दोन चित्रपट होतात’ असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की त्या तिकिटातून जागेचे भाडे, ध्वनियंत्रणा, तंत्रज्ञ, प्रवास आणि चार-पाच वादकांचे मानधन निघायचे असते, आणि प्रेक्षक दीडशे-दोनशेच असतात.

९. मैदानावरचा शो रात्री बरोबर १० वाजता का गुंडाळतात? पबमध्ये तर उशिरापर्यंत चालतो.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना यातून सूट आहे. राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण आपल्याकडे हे दिवस मुख्यतः गणपती-नवरात्रात जातात. त्यामुळे मैदानावरचा मुख्य बँड साडेआठला सुरू होतो आणि ‘वन्स मोअर’च्या आरोळ्या चालू असतानाच आवाज बंद केला जातो. यात बँडचा दोष नसतो. तुम्हीच वेळेवर जा, आणि पहिल्या, अनोळखी बँडसाठीही जा: ज्यांचे नावसुद्धा ऐकले नव्हते अशा कितीतरी बँडचे अल्बम मी सुरुवातीची वीस मिनिटे ऐकून घरी आणले आहेत.

१०. अल्बम घरी बसून नीट ऐकता येतो, मग शोला जायचे कशाला? तीच गाणी, शिवाय आवाजही तितका स्वच्छ नसतो.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो. अल्बममध्ये गाणे एका निर्णयावर थांबलेले असते. शोमध्ये तो निर्णय दर वेळी नव्याने घेतला जातो. इंडियन ओशनचा १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ दिल्लीच्या मंडी हाउस परिसरातील कार्यक्रमात थेट रेकॉर्ड झालेला आहे. तो आणि प्रश्न ३ मधील ‘कंदीसा’ एकामागून एक ऐका, म्हणजे समोर माणसे असताना वादक एकमेकांसाठी किती जागा सोडतात ते कळेल.

शोमध्ये पाहण्यासारख्या गोष्टी कानाइतक्याच डोळ्यांच्याही असतात. मंचाच्या कडेशी गेलात तर गायकाच्या पायाशी, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या शेजारी, चिकटपट्टीने चिकटवलेला गाण्यांचा क्रम दिसतो, आणि त्यातल्या एखाद्या ओळीवर आयत्या वेळी मारलेली काटही. गायक गाता गाता ध्वनितंत्रज्ञाकडे पाहून एक बोट वर करतो, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) ऐकू येत नसतो. पुढच्या दोन ओळी तो अंदाजाने सुरात राहतो. ड्रमर आणि बेसवादक एकमेकांकडे पाहून हसले की समजावे, कोणीतरी एक मात्रा चुकवली आणि दुसऱ्याने ती सावरली. जो बँड अल्बम जसाच्या तसा वाजवून दाखवतो त्याच्या शोला मी सहसा दुसऱ्यांदा जात नाही.

माझा सल्ला असा: शोच्या आधीच्या आठवड्यात अल्बम एकदा क्रमाने, सलग ऐकावा, आणि शोनंतर पुन्हा. दुसऱ्या ऐकण्यात तो वेगळाच लागतो. गाणी पाठ असण्याची गरज नाही. जागेच्या बाबतीत, आवाज सर्वांत समतोल मिळतो तो ध्वनितंत्रज्ञाच्या टेबलाच्या आसपास, कारण तो तेथेच उभा राहून आवाज जुळवत असतो. स्पीकरच्या तोंडाशी मात्र उभे राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे; छोट्या खोलीतला मेटलचा शो तिच्या पुढे सहज जातो. खिशात इअरप्लग ठेवा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानांना सोसवले नाही असे समजावे.

११. महिन्याचे पैसे भरून अ‍ॅपवर ऐकतो. त्यातून बँडला पैसे मिळतातच ना?

मिळतात, पण फारच थोडे. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरतात, आणि २०२४ पासून ज्या गाण्याची बारा महिन्यांतली अशी गणती १,००० च्या खाली राहते त्याला मानधनच मिळत नाही. नव्या बँडची बरीच गाणी या उंबरठ्याच्या अलीकडेच असतात. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घेण्याच्या संकेतस्थळावर अल्बम घेतलात तर ती कंपनी डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के घेते, व्यवहाराचा खर्च वगळता बाकी कलाकाराकडे जाते. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ती आपला वाटाही सोडते. पैसे भरण्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवावेत.

सर्वांत थेट मार्ग शोच्या जागेवरच असतो. शो संपल्यावर दाराजवळच्या टेबलामागे पाहा: घामाने ओला झालेला बेसवादक स्वतः टी-शर्टांच्या घड्या घालत उभा असतो, ‘एल’ साइझ संपलेला असतो आणि यूपीआयचा कोड गिटारच्या केसवर सेलोटेपने चिकटवलेला असतो. तेथे घेतलेल्या एका टी-शर्टातून त्यांच्या हाती जे पडते ते वर्षभराच्या ऐकण्यातून पडणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असण्याचीच शक्यता मोठी आहे. म्हणून अ‍ॅप शोधासाठी वापरावे आणि आवडलेल्या अल्बमचे पैसे वेगळे मोजावेत.

१२. गायक-गीतकार प्रतीक कुहाडने अमेरिकन रेकॉर्ड कंपनीशी करार केला. मग तो अजून इंडी आहे का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. कुहाड यांनी २०२० मध्ये इलेक्ट्रा या बड्या कंपनीशी करार केला आणि २०२२ चा ‘द वे दॅट लव्हर्स डू’ तिच्याकडूनच आला. ब्लडीवुडचा ‘रक्षक’ (२०२२) त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला होता, तर मार्च २०२५ मधील ‘नु दिल्ली’ फिअरलेस या अमेरिकन कंपनीमार्फत आला. तरीही ‘नु दिल्ली’ ऐकताना मला त्यांचा ढोल, पंजाबी ओळी आणि चढा राग कुठेही निवळलेला जाणवला नाही. करार झाला म्हणून रुसून बसणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही. परदेशातल्या शंभर शहरांत वाद्ये आणि माणसे घेऊन फिरण्याचा खर्च टी-शर्ट विकून निघत नाही. पाहायचेच असेल तर एवढे पाहा की करारानंतर गाणी कोणाच्या सांगण्यावरून बदलली का.

१३. मी शोचे पूर्ण रेकॉर्डिंग मोबाइलवर केले आहे. ते टाकले तर बँडचा प्रचारच होईल ना?

स्वतःपुरते ठेवायला हरकत नाही, पण पूर्ण शो परवानगीशिवाय टाकू नका. कॉपीराइट कायद्यानुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. खासगी वापराला त्यातून सूट आहे, प्रसारणाला नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा बँडला टॅग करून टाकलात तर बहुतेकांना आनंदच होतो. अजून अल्बममध्ये न आलेले गाणे मात्र कधीही टाकू नये.

१४. आमचा बँड दुसऱ्यांची गाणी वाजवतो. त्यासाठी परवाना लागतो का?

सार्वजनिक कार्यक्रमात लागतो. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था काम करते आणि परवाना घेण्याची जबाबदारी सहसा जागेची किंवा आयोजकाची असते. शो ठरवतानाच तो घेतला आहे का, हे लेखी विचारून घ्या. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा करारानेही काढून घेता येत नाही, त्यामुळे स्वतःची गाणी करत असाल तर तुम्हीही सदस्य व्हा.

१५. बाहेरगावच्या महोत्सवाला जायचे तर कोणत्या?

झिरो. अरुणाचल प्रदेशातील आपातानी लोकांच्या खोऱ्यात २०१२ पासून हा महोत्सव होतो, सहसा सप्टेंबरच्या अखेरीस. मंच बांबूचे असतात, सभोवती भाताची शेते, आणि ईशान्येकडचे बँड पाहुणे म्हणून नव्हे तर घरचे म्हणून वाजवतात. भारतीय नागरिकांनाही अरुणाचलमध्ये जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागते. ते आधीच काढा. पाऊस, चिखल आणि रात्रीची थंडी गृहीत धरून गमबूट न्या.

१६. शो रद्द झाला आणि आयोजक पैसे परत देत नाही. काय करावे?

आयोजकाने स्वतः शो रद्द केला असेल तर तिकिटाचे पैसे परत मागणे रास्तच आहे. तारीख पुढे ढकलली असेल तर तिकिटावरच्या अटी वाचाव्या लागतात. एका आयोजकाने मला तिकिटाची रक्कम दिली आणि बुकिंग शुल्क ठेवून घेतले. पाठपुरावा केल्यावर तेही मिळाले. तिकिटाची आणि रद्द झाल्याच्या घोषणेची छायाचित्रे लगेच जपून ठेवा, कारण ती घोषणा नंतर काढून टाकलेली असू शकते. आधी बुकिंग अ‍ॅपकडे लेखी तक्रार करा, आणि उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बँडवर राग काढू नका. अशा वेळी बहुधा त्यांचेही मानधन बुडालेले असते.